बाईंचं अडलेलं प्रकरण

मंजुळाबाई कांबळे उभ्याने लिहीत. घरात टेबल होतं, खुर्ची होती, मुलाने पुण्याहून आणून दिलेला दिवाही होता. पण टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असे आणि बाई स्वयंपाकघरातल्या ओट्याशी, एका बाजूला कुकर आणि दुसऱ्या बाजूला कागद ठेवून लिहीत उभ्या असत. "उभ्यानं लिहिलं की माणूस लांबण लावत नाही," त्या म्हणायच्या. "पाय दुखायला लागले की ओळखायचं, आता आपण फुगवायला लागलोय." त्यांचे दोन्ही कवितासंग्रह असे ओट्यापाशी लिहिलेले आहेत. दोन्ही इतके सडपातळ आहेत की माझ्या कपाटात ते जाड पुस्तकांच्या मध्ये हरवतात आणि मग मी उगाच घरच्यांवर ओरडतो.

आमची गाठ पडली ती पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला. शाहूपुरीत माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, तालमींच्या वर्गणीच्या पावत्या, असला सगळा माल. साहित्याशी माझा संबंध 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढ्यापुरताच होता. एके दिवशी हातात छत्री आणि खांद्याला कापडी पिशवी अडकवलेल्या एक बाई आल्या आणि पत्रक छापायचं म्हणून कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: 'लिहिण्याचा वर्ग. दर रविवारी सकाळी नऊ वाजता. कसबा बावडा. फी नाही. चहा आहे.' खाली पत्ता.

मला ते पत्रक फारच केविलवाणं वाटलं. बाई गेल्यावर मी आपल्या मनाने चारी बाजूंनी वेलबुट्टी घातली, वर ठळक अक्षरांत 'नवोदितांसाठी सुवर्णसंधी!' टाकलं आणि बाईंच्या नावामागे 'सुप्रसिद्ध कवयित्री' लावून दिलं. संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"सुवर्णसंधी कुणी म्हटलं?"

"मीच घातलं, बाई. त्याचे पैसे नाही लावले."

"आणि सुप्रसिद्ध? तू मला ओळखत होतास?"

"नाही."

"मग मी सुप्रसिद्ध कशी?"

बाईंनी माझ्याच पेनने वेलबुट्टीसकट सगळं काढलं. "विशेषण म्हणजे लग्नातला मानपान असतो रे," त्या शांतपणे म्हणाल्या. "एकाला दिला की शेजारचा रुसतो. मग सगळ्या मांडवाला देत बसायचं." जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "रविवारी ये तू. खोटं चांगलं जमतंय तुला. खरं जमतंय का बघू."

मी गेलो तो निव्वळ रागाने. पुढची आठ-नऊ वर्षं जात राहिलो.

बाई मूळच्या आजऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या. बौद्ध शेतमजुराचं घर; वडिलांना सगळे आबा म्हणत. त्या शिकल्या, कोल्हापुरात ट्रेनिंग कॉलेज केलं आणि नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका झाल्या. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता, तो लवकर गेला. मुलगा नोकरीसाठी पुण्याला. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या सोप्यात हा वर्ग सुरू केला. सोप्यात एक सतरंजी, भिंतीवर कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती आणि खाली आम्ही आठ-दहा जण: कॉलेजच्या मुली, एक-दोन मास्तर, एक निवृत्त हवालदार आणि मी. पाऊस, आई, मावळता सूर्य असले विषय बाईंनी कधी दिले नाहीत. त्या म्हणायच्या, "तुमच्या घरात कोण कुणाशी कशावरून बोलत नाही, ते लिहून आणा." नाहीतर, "आज सकाळी चहा कुणी केला आणि तो कुणी बसून प्याला, एवढंच लिहा." एका नवख्या पोराने 'हे जीवनदायिनी पंचगंगे' अशी कविता आणली होती. बाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "बंधाऱ्यावर गेलतास का एवढ्यात?" तो हो म्हणाला. "कसला वास येतो?" पोरगं ओशाळलं. "मग तिला जीवनदायिनी म्हणून कशाला टोचतोस? आधीच आजारी आहे ती."

वाचता वाचता कुणाचा गळा दाटून आला की बाई चहा ठेवायला उठत. रडणाऱ्याला त्यांच्या वर्गात भाव नव्हता. "रडायचं असलं तर घरनं रडून येत जा," असं त्या सरळ सांगत. "तू रडलास की आमचं रडू वाया जातं."

पण त्यांचा खरा नियम एकच होता आणि त्यात कुणाला सूट नव्हती. ज्या माणसावर लिहिलं, त्याला ते आधी ऐकवायचं. कागद त्याच्या हातात द्यायचा नाही. समोर बसायचं, आपल्या तोंडाने वाचायचं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. माणूस हयात नसेल, तर त्याच्या पंक्तीला जेवलेल्या कुणाला तरी. त्यानंतरच वर्गात आणायचं.

हा नियम हवालदारकाकांना फार महागात पडला. त्यांनी बायकोवर लेख लिहिला होता. तीस-पस्तीस वर्षं बदलीच्या गावोगावी संसार केला, पण त्या माउलीने एका शब्दाने कधी तक्रार केली नाही, असा एकूण सूर. काकांनी घरी वाचून दाखवला आणि पुढच्या रविवारी ते पडलेल्या चेहऱ्याने आले.

"काय म्हणाल्या काकू?" बाईंनी विचारलं.

"म्हणाली, दर बदलीला करत हुते की तक्रार. तुमी ऐकलीच न्हाय, त्याला मी काय करू?"

आम्ही सगळे हसून हसून सतरंजीवर आडवे झालो. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आता लेख लिहा, हवालदार. आता सुरुवात झाली." काकांनी लिहिला, आणि त्या वर्गात लिहिलं गेलेलं ते सगळ्यात चांगलं लिखाण होतं असं मला आजही वाटतं. माझं धरूनच म्हणतो.

दोन हजार तीन-चारच्या दरम्यान बाईंनी स्वतःच्या आठवणी लिहायला घेतल्या. पुण्याचे एक प्रकाशक मागे लागले होते. अक्षरजुळणी मात्र विलासच, म्हणजे मीच, करणार, अशी बाईंनी अट घातली, त्यामुळे प्रत्येक प्रकरण आधी माझ्या दुकानात यायचं. बाईंनी आपला नियम काटेकोर पाळला. शाळेवरचं प्रकरण जुन्या मुख्याध्यापकांना ऐकवलं, संसारावरचं दिराला. एक प्रकरण तेवढं त्यांनी थेट वर्गातच वाचलं. ते थोरल्या बहिणीवरचं, अक्कावरचं.

ते प्रकरण असं होतं. अक्का बाईंपेक्षा तीन वर्षांनी मोठी आणि फार हुशार. गावच्या शाळेत चौथीला तिचा पहिला नंबर आला. पण आई अंथरुणाला खिळली आणि दोघींपैकी एकीने घरी राहायचं ठरलं. तेव्हा अक्का आपणहून पुढे आली, स्वतःची पाटी धाकटीच्या हातात ठेवली आणि म्हणाली, 'मंजे, तू शीक.' पुढे ट्रेनिंग कॉलेजसाठी बाई कोल्हापूरला निघाल्या, तेव्हा आजऱ्याच्या स्टँडवर अक्का ढसाढसा रडली. ते आनंदाश्रू होते, असं बाईंनी लिहिलं होतं आणि शेवटी, माझं सगळं शिक्षण हे अक्काच्या त्यागाचं दान आहे, असं म्हटलं होतं.

त्या दिवशी वर्गात सगळे रडले. मीही रडलो. आणि बाई चहा ठेवायला उठल्या नाहीत. त्या बसून राहिल्या, जरा समाधानानेच. तेवढ्यात नाक पुसत हवालदारकाकांनी विचारलं, "बाई, अक्कांना ऐकवलं न्हवं?"

"तिचं कौतुकच तर लिहिलंय," बाई म्हणाल्या. "ते काय ऐकवायचं?"

"मीबी कौतुकच लिवलं हुतं, बाई," काका म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात मी आणि बाई आजऱ्याच्या एसटीत होतो. बाईंना एव्हाना मूत्रपिंडाचं दुखणं लागलं होतं, एकटीने प्रवास झेपत नव्हता. अक्का आजऱ्यात थोरल्या मुलाकडे राहायच्या आणि त्या वयातही काजूच्या कारखान्यात काजू फोडायला जायच्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या नुकत्याच आल्या होत्या आणि न्हाणीपाशी राखेने हात घासत होत्या. टरफलाच्या तेलाने बोटांची टोकं काळी पडलेली. ती घासून काही पांढरी होत नव्हती. बाईंपेक्षा उंच, ताठ, आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जाणारा. "ह्यो कोण पावणा?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. माझं पुस्तक छापतो, असं बाईंनी सांगितलं. "मग च्या घे बाबा," म्हणाल्या.

चहा झाल्यावर बाईंनी कागद काढले आणि वाचायला सुरुवात केली. मी अक्कांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्या मांडी घालून, हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. पाटीचा प्रसंग आला, स्टँडचा आला, त्याग आला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"झालं?"

"झालं."

"कुणाचं हाय ह्ये?"

"तुझंच की, अक्का."

"माझं न्हाय. असली बाई मी न्हाय."

बाईंनी कागद खाली ठेवले. अक्का काही रागावल्या नव्हत्या. दुकानात चुकीचा माल दाखवल्यावर गिऱ्हाईक सांगतं, तशा सांगत होत्या. "पाटी मी दिली न्हाय. आबानं माझ्या हातातनं वढून घेतली आन् तुझ्याकडं दिली. तू हुतीस की तितं."

"मला नाही गं आठवत तसं."

"तुला कसं आठवंल? तुला पाटी गावली. जिची गेली तिला आठवतं."

"आणि स्टँडवर?" बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तू रडलीस ते?"

"जळून रडले. त्या गाडीत मी बसायचं हुतं, मंजे. पयला नंबर माझा हुता." एवढं बोलून त्या उठल्या आणि आत जाताना म्हणाल्या, "भाकरी टाकते. जेवल्याबिगार जायचं न्हाय."

परतीच्या गाडीत गडहिंग्लज येईपर्यंत बाई तेच कागद पुन्हा वाचत होत्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "विलास, इतकी वर्षं मी तिला थोर करून ठेवलं. एकदा थोर केलं की तिला काय वाटतं ते विचारावं लागत नाही. सोयीचं असतं ते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ते प्रकरण काढ. मी नव्यानं लिहिते."

मला ते मुळीच पटलं नाही. पानं जुळवून तयार होती, प्रकाशकांनी दिवाळीचा मुहूर्त धरला होता आणि बाईंचं डायलिसिस सुरू होणार हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, बाई, हे प्रकरण वगळूनच छापू. त्या म्हणाल्या, मग पुस्तक कशाचं राहिलं? प्रकाशक फोनवर तापले. आहे ते प्रकरण उत्तम आहे, वाचकांच्या डोळ्यांत पाणी येईल, असं त्यांचं म्हणणं. "म्हणूनच नको," बाई म्हणाल्या. आता पुस्तक पुढच्या हंगामाला जाईल, त्याला माझा इलाज नाही, असं सांगून प्रकाशकांनी फोन ठेवला. मी बाईंशी भांडलो. स्पष्टच विचारलं, "तुम्हाला पुस्तक हातात घ्यायचंय की नाही?" त्यांना ते फार घ्यायचं होतं. मुखपृष्ठाचा नमुना त्या उशाशी ठेवून झोपत. "घ्यायचंय की," त्या म्हणाल्या. "पण ते खोटं हातात घेऊन काय करू?"

डायलिसिस सुरू झालं तशा अक्का बावड्याला राहायला आल्या. कारखाना सोडला आणि आल्या. "हिला भाकरी कोण घालणार? तुमी?" असं त्यांनी मलाच दरडावलं. बाईंना आता ओट्यापाशी उभं राहवत नव्हतं. त्या पलंगावर पडून सांगायच्या आणि मी खाली बसून लिहून घ्यायचो. आणि वाक्यावाक्याला स्वयंपाकघरातून हरकत यायची.

"आई आजारी पडली," बाई सांगत.

"पडली न्हाय. पडलेलीच हुती. तुला मोठी झाल्यावर कळलं."

"अक्कानं घरची जबाबदारी घेतली..."

"घेतली न्हाय गं! गळ्यात पडली."

दोघी साठी ओलांडलेल्या बहिणी पोरींसारख्या कडाकडा भांडायच्या. कधी बाई तोंड फिरवून झोपायच्या, कधी अक्का पिशवी भरून दारापर्यंत जायच्या. पण त्या भांडणातच बाईंना पन्नास वर्षांत न कळलेली अक्का कळत गेली. स्वतःची शाळा बंद झाल्यावर धाकटीची पुस्तकं ती लाकडं आणायला जाताना वाचायला चोरून नेत होती, हे तेव्हा कळलं. लग्न ठरताना नवऱ्याचं नाव विचारायच्या आधी, त्याला सही येते का, हे तिने विचारलं होतं, हेही. बाई थकून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "लिहून घे, विलास. हे सगळं घे."

शेवटचं वाक्य अडून बसलं. 'आता अक्काचा राग गेला आहे,' असं बाईंना लिहायचं होतं. त्यांनी ते सांगितलं आणि आतून आवाज आला, "गेलाय म्हणून कुणी सांगितलं?"

बाईंनी मान वर केली. "नाही गेला?"

अक्का हात पुसत दारात आल्या. जरा विचार करून म्हणाल्या, "हाय. थोडा हाय."

आणि दोघीही हसायला लागल्या. बाईंना हसताना धाप लागली, तरी त्या थांबेनात. मी खोडून नवं वाक्य लिहिलं: 'अक्काचा माझ्यावरचा थोडा राग अजून आहे.' बाईंनी त्याच संध्याकाळी अख्खं प्रकरण अक्कांना पहिल्यापासून वाचून दाखवलं. आवाज ओढलेला होता, मध्ये पाणी प्यायला थांबावं लागलं. पण वाचलं त्यांनी स्वतःच, नियमाप्रमाणे, चेहऱ्याकडे बघत. अक्का म्हणाल्या, "व्हय. आता मी हाय."

पुढच्या वर्षी श्रावणात बाई गेल्या. पुस्तक त्यानंतर चार-पाच महिन्यांनी आलं. बाई थोडं धकवून घेत्या, तर ते त्यांच्या हातात पडलं असतं, हा विचार माझ्या मनातून कधी गेला नाही. पहिला गठ्ठा दुकानात आला तेव्हा मला दोरी सोडवेना.

प्रकाशन कोल्हापुरातच झालं. सभागृह भरलं होतं. अक्का पहिल्या रांगेत, इरकल नेसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. समारंभाला पुण्याहून एक मोठे प्राध्यापक आले होते. माणूस चांगला, वाणी रसाळ. बोलता बोलता त्यांनी अक्कांकडे हात केला. "या पुस्तकामागे एका निरक्षर भगिनीचा त्याग उभा आहे. ही त्यागमूर्ती आज आपल्यामध्ये..."

"ओ पावणं!"

माईकची गरज नव्हती. अक्का उभ्या राहिल्या होत्या. "पुस्तक वाचलंय का तुमी?"

प्राध्यापक गडबडले. हो, म्हणजे चाळलं आहे, असं काहीसं म्हणाले.

"चाळू नका, वाचा. त्याग न्हाय, असं मंजीनं लिवलंय त्यात. त्येवढं लिवायपायी तिला पुस्तक बगायला मिळालं न्हाय. आन् तुमी परत त्योच त्याग घिऊन आलाईसा? आन् निरक्षर कुणाला म्हणता? चौथी शिकलेय मी. पयल्या नंबरानं!"

मग त्या प्राध्यापकांनी जे केलं, त्याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. त्यांनी आपले कागद घडी करून खिशात घातले, हात जोडले आणि म्हणाले, "आजी, चुकलं माझं. कुणीतरी ते प्रकरण वाचून दाखवा."

मागून हवालदारकाकांनी मला पुढे ढकललं. मी माईकवर गेलो आणि वाचलं. पाटी आबांनी ओढून घेतली ते वाचलं, स्टँड वाचला, लाकडांच्या वाटेवरची पुस्तकं वाचली. बाईंनी सांगितलं होतं तसं, अक्कांच्या चेहऱ्याकडे बघत वाचलं. शेवटच्या वाक्याला माझा आवाज फुटला, बाईंनी खपवून घेतला नसता असा. 'अक्काचा माझ्यावरचा थोडा राग अजून आहे.'

टाळ्या वाजल्या नाहीत. अक्का उठल्या आणि पायऱ्या चढून माझ्याजवळ आल्या. काळ्या पडलेल्या बोटाने त्यांनी पानावरची ती ओळ दाखवली.

"त्येवढं खोड आता."

छापून आलेल्या पुस्तकातलं खोडता येत नसतं, हे मला कुणी सांगायला नको. हजार प्रती छापल्या होत्या आणि त्या सगळ्यांत ते वाक्य आहे, अजूनही आहे. मी खिशातलं पेन काढलं, माझ्या हातातल्या प्रतीत ती ओळ खोडली आणि प्रत त्यांच्याकडे दिली. अक्कांनी चष्मा लावला आणि नीट खोडलंय का, ते वाचून बघितलं.